घाटाची तयारी इथे, शर्यत तिकडे

परदेशातल्या हौशी सायकल शर्यतींविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख ग्रान फोंडो पद्धतीच्या शर्यतींकडे आहे. रस्ता ठरलेला, हजारो सायकलस्वार टप्प्याटप्प्याने सुटणारे, प्रत्येकाच्या क्रमांकाला वेळ मोजणारी चिप, आणि मागे पडलेल्यांना उचलत येणारी एक गाडी. पुढचे शे-दोनशे जण एकमेकांशी झुंजतात, बाकीचे वेळेच्या मर्यादेशी. मुंबईहून पहिल्यांदा जाणारा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. उत्तरं त्याला डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : वय 38. आठवड्यातून तीन दिवस पाम बीच रोडवर 40 किलोमीटर आणि रविवारी 100 किलोमीटर चालवतो. पुढच्या जुलैत फ्रान्समधली लेताप द्यू तूर करायची इच्छा आहे. पहिली शर्यत म्हणून जमेल का? (सानपाडा)

पहिली म्हणून ती निवडू नका. अडचण तुमच्या पायांची कमी आणि मुंबईच्या ऋतूंची जास्त आहे. जुलैच्या शर्यतीसाठी सगळ्यात जड सराव एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत व्हायला हवा. मे महिन्यात इथे सकाळी आठनंतर उकाड्यामुळे नाडीचे ठोके वर चढलेले राहतात आणि पायांना मात्र हवं तेवढं काम मिळत नाही. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून. म्हणजे दर रविवारी दोन-अडीच हजार मीटर चढायला हवं त्या आठवड्यांच्या अखेरीस घाट ओले, शेवाळलेले आणि दरडींचे. लेताप 1993पासून होते, तूर द फ्रान्सच्या त्या वर्षीच्या एका टप्प्यावर सुमारे 15,000 जण उतरतात, आणि बहुतेक वेळा तो टप्पा डोंगरातलाच असतो. 2024 साली नीसहून कोल द ला कुईयोलपर्यंत 138 किलोमीटरमध्ये 4,600 मीटर चढ होता. पाम बीचवरच्या 100 किलोमीटरमध्ये चढ जवळजवळ नसतोच.

त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमधली शर्यत घ्या. तिची तयारी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते, आणि आपल्याकडे सायकल चालवायला याहून चांगले महिने नाहीत. दुबईतली 'स्पिनीज दुबई 92' नावाप्रमाणे 92 किलोमीटरची आणि बरीचशी सपाट आहे. घोळक्यात वेगाने चालवण्याची सवय असेल तरच ती सोपी, नाहीतर तिथे पडापडीची भीती जास्त. आमची पसंती केपटाउन सायकल टूरला आहे. 1978पासून चालत आलेली, मार्चमध्ये होणारी, 109 किलोमीटर आणि सुमारे 1,200 मीटर चढाची. वेळेची मर्यादा सात तास, म्हणजे थांबे धरून तासाला साडेपंधरा किलोमीटर. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आणि घड्याळातला फरक साडेतीन तासांचा. तिथली खरी परीक्षा वाऱ्याची. 2017 साली वाऱ्यामुळे शर्यतच रद्द करावी लागली होती. म्हणून 50 मिलिमीटरहून उंच रिमची चाकं तिकडे नेऊ नका, समुद्रकाठच्या झोतात पुढचं चाक हातातून ओढलं जातं. चॅपमन्स पीक आणि हाउट बे मागे टाकल्यावर, पाय थकलेले असताना सुइकरबॉसीचा चढ येतो, त्यासाठी काही शिल्लक ठेवा.

लेताप किंवा इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांतली माराटोना शर्यत त्याच्या पुढच्या वर्षी करा. दोन्हींची नावनोंदणी आदल्या वर्षाच्या अखेरीसच होते, आणि माराटोनात तर सोडत काढतात. तेव्हा तो विचार केपटाउनला जाण्याआधीच करावा लागेल.

प्रश्न : डोलोमाइट्समधल्या लांब चढांची सवय मुंबईजवळ कुठे होईल? येऊरच्या फेऱ्या पुरतील का? (ठाणे)

येऊर चांगला आहे, पण फार लवकर संपतो. इटलीतला पासो जाऊ 9.9 किलोमीटरचा आहे आणि सरासरी चढ 9.3 टक्के. सव्वा तासाच्या आसपास पाय एकदाही मोकळे सुटत नाहीत. मुंबईच्या सायकलस्वाराला नेमकी हीच गोष्ट कधी करावी लागत नाही. इथे सिग्नल, स्पीडब्रेकर, उतार किंवा वळण दर दोन-तीन मिनिटांनी विश्रांती देतं.

जाऊच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा रस्ता म्हणजे नेरळ ते माथेरानचा दस्तुरी नाका. साधारण आठ किलोमीटरमध्ये सातशे मीटरच्या आसपास चढ, म्हणजे सरासरी नऊ टक्क्यांच्या घरात, आणि काही वळणं त्याहून बरीच उभी. एका सकाळी दोन फेऱ्यांपासून सुरुवात करून आठ आठवड्यांत तीनवर या. माथेरानच्या टॅक्सी सकाळी आठनंतर वाढतात आणि रस्ता अरुंद आहे, म्हणून पहिली फेरी उजाडताच सुरू झाली पाहिजे. शनिवार-रविवार टाळता आले तर फारच उत्तम.

लांबीसाठी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट. सुमारे 40 किलोमीटर, तळापासून माथ्यापर्यंत साडेबाराशे मीटरहून जास्त. चढ सौम्य, पण न संपणारा. तीन तास एकाच लयीत पॅडल मारण्याची आणि चालवता चालवता खाण्याची सवय इथे लागते. महिन्यातून एकदा पुरे.

खोपोलीहून खंडाळ्याचा बोरघाट मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, 'घाटाचा राजा' तिथेच ठरायचा. जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळावरून जा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे. पाऊस सुरू झाल्यावर घाट बंद करून घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या यंत्रावर) बसा. पुढचं चाक दहा सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे चढावरची बैठक मिळेल. एका तासात जास्तीत जास्त जेवढी ताकद टिकवता येते तिच्या 85 ते 90 टक्क्यांवर 20 मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटं हलकं. तीन आठवड्यांनी 30 मिनिटांचे दोन. समोर मोठा पंखा हवाच. नाहीतर दमट खोलीत शरीर तापतं, ताकद गळते आणि पाय कमी पडले असा गैरसमज होतो.

प्रश्न : माझ्या सायकलला 52-36 क्रँक आणि 11-28 कॅसेट आहे. माझं वजन 75 किलो. आल्प्ससाठी हलकी कार्बन चाकं घेऊ का? (विलेपार्ले)

आधी गिअर बदला. 52-36 हे क्रँकवरच्या दोन चेनरिंगांचे, म्हणजे पुढच्या दातेरी चक्रांचे दात; 11-28 हे मागच्या कॅसेटमधल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे, म्हणजे दातीचे. गणित मांडून दाखवतो. तुम्ही, सायकल, बाटल्या, कपडे मिळून 85 किलो धरा. नऊ-सव्वानऊ टक्क्यांच्या चढावर तासाला 8.8 किलोमीटर जायला साधारण 205 वॅट लागतात. 36-28वर, म्हणजे पुढे 36 आणि मागे 28 असताना, पॅडलच्या एका फेरीत सायकल 2.7 मीटर पुढे जाते, म्हणून या वेगाला मिनिटाला 54 फेऱ्या पडतात. 34-34वर एका फेरीत 2.1 मीटर, आणि फेऱ्या 70. ताकद दोन्हीकडे तेवढीच, पण 54ला प्रत्येक फेरीत गुडघ्यावर आणि मांडीवर येणारा जोर जवळपास 30 टक्के जास्त असतो. पहिल्या घाटात हे कळत नाही, तिसऱ्या घाटात मांडी आखडते तेव्हा कळतं. आता चाकं. 300 ग्रॅम हलकी चाकं घेतलीत तर याच वेगाने 68 मिनिटं घेणाऱ्या पासो जाऊच्या चढावर जेमतेम 14 सेकंद वाचतील.

करायचं काय? 11-34 कॅसेट आणि 50-34 चेनरिंग. शिमानो कंपनीच्या 105 किंवा अल्टेग्रा या गिअरसंचांच्या चार हातांच्या 110 मिलिमीटर क्रँकवर फक्त चेनरिंग बदलतात, अख्खा क्रँक घ्यावा लागत नाही. मागचा डिरेलर (चेन एका दातीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर 34 दाती पेलणार नाही, लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस लागेल. चेन नवी आणि आधीपेक्षा लांब लागते. इथेच चूक होते. जुनी चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठ्या चेनरिंगवर मोठी दाती पडली की चेन ताणून डिरेलरच तुटतो. बसवल्यावर मोठ्या-मोठ्या जोडीवर टाकून पिंजरा किती ताणला जातो ते हाताने फिरवून पाहा. पुढचा डिरेलरही खाली घ्या, बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून एक ते तीन मिलिमीटरवर. हे सगळं शर्यतीच्या किमान 300 किलोमीटर आधी व्हावं.

प्रश्न : मागून येणारी गाडी आपल्याला उचलेल की नाही, याचा अंदाज आधी कसा बांधायचा? (कांदिवली)

सपाटीवरच्या सरासरी वेगावरून बांधू नका, चढण्याच्या वेगावरून बांधा. नेरळहून दस्तुरीला 65 मिनिटं लागत असतील तर तुम्ही तासाला साधारण 650 मीटर चढता. माराटोनाचा लांब मार्ग 138 किलोमीटर आणि 4,230 मीटरचा आहे, म्हणजे नुसत्या चढांना साडेसहा तास. त्यात उतार, सपाट तुकडे आणि थांबे मिळवा आणि आयोजकांच्या तक्त्यातल्या प्रत्येक नाक्याच्या वेळेशी ताडून पाहा. मधला मार्ग 106 किलोमीटर, 3,130 मीटर. छोटा 55 किलोमीटर, 1,780 मीटर. पहिल्या खेपेला मधला मार्ग घेण्यात काहीही कमीपणा नाही.

मात्र 65 मिनिटं ही पहिल्या फेरीची वेळ धरू नका. तिसऱ्या फेरीची धरा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर पहिली फेरी तुम्ही फार जोरात चढला आहात, आणि शर्यतीतही तेच होणार.

आणखी दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, सुटण्याचा गट. लेतापमध्ये मागची गाडी शेवटच्या गटामागून निघते. तुम्ही शेवटच्या गटात असाल तर हाताशी राखीव वेळ शून्य, पहिल्या गटांतल्यांकडे ती बरीच असते. नावनोंदणी करताना आधीच्या शर्यतींच्या वेळा मागतात, तो रकाना रिकामा सोडू नका. दुसरी, खाण्याचे थांबे. पाच थांबे गुणिले आठ मिनिटं म्हणजे 40 मिनिटं गेली. बाटल्या भरा, हातात केळं घ्या, निघा. तीन मिनिटं खूप झाली.

प्रश्न : मी नेहमी एकटी किंवा दोघी-तिघींच्या गटात चालवते. शेकडो जणांच्या घोळक्याची भीती वाटते. काय शिकून जावं? (चेंबूर)

भीती रास्त आहे, आणि ती सरावाने कमी होते. घोळक्यात राहण्याचा फायदा मोठा असतो. तासाला 35 किलोमीटरच्या वर दुसऱ्याच्या आडोशाला चालवलं तर चौथाई ते एक तृतीयांश ताकद वाचते. ती सोडून द्यायची म्हणजे घाटाच्या पायथ्याशी दमून पोहोचायचं.

मुख्य नियम एकच: तुमचं पुढचं चाक कोणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका. पुढचा जरा सरकला आणि चाकं घासली तर पडतो तो नेहमी मागचा. म्हणून एक मीटर मागे राहा आणि नजर त्याच्या चाकावर न ठेवता त्याच्या खांद्यावरून दोन-तीन जण पुढे ठेवा. वेग कमी करायचा असेल तर ब्रेकऐवजी अंग जरा उंच करून वारा खा, किंवा पॅडल थांबवण्यापेक्षा हलकं फिरवत राहा. चढावर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. उठण्याआधी एक पॅडल जोरात मारा, मगच उठा. बाटली काढताना सायकल डोलत असेल तर आधी ते एकटीने पक्कं करा, घोळक्यात ते शिकण्याची सोय नसते.

सराव असा: भरवशाच्या सहा जणी किंवा सहा जण, रविवारी उजाडताना पाम बीच रोड, एका रांगेत, पुढे 30 सेकंद आणि मग बाजूला होऊन मागे. पुढे येणाऱ्याने वेग वाढवायचा नाही. बहुतेक गटांत हीच खोड असते आणि रांग तिथेच तुटते. आठ-दहा रविवार झाले की हात सैल पडतात. ट्रकच्या रस्त्यावर हे करू नका.

युरोपात सगळं उजवीकडून चालतं, हे कागदावर सोपं वाटतं. दमलेल्या अवस्थेत आपला मुंबईकर मेंदू डावीकडे सरकतो, विशेषतः गोल चौकातून बाहेर पडताना आणि उतारावर. हळू असाल तर उजवी कड धरा, ओलांडणारा डावीकडून येईल. इटलीत 'सिनिस्त्रा' आणि फ्रान्समध्ये 'आ गोश' ओरडला तर तो तुमच्या डावीकडून निघतो आहे, जागच्या रेषेत राहा. वळून पाहू नका, पाहिलंत की सायकल त्याच बाजूला जाते.

प्रश्न : मी शाकाहारी आहे आणि एनर्जी जेल पोटाला मानवत नाहीत. घरच्या खाण्यावर शर्यत निघेल का? (दादर)

निघेल. शरीराला हवी ती साखर, ती कोणत्या पाकिटातून आली याला फार महत्त्व नाही. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं हे किमान लक्ष्य ठेवा, पाच तासांहून लांब शर्यतीत 80-90 ग्रॅमपर्यंत जाता आलं तर उत्तम. पोटाला याची सवय लावायला सहा-आठ आठवडे लागतात. सरावात नुसतं पाणी पिऊन शर्यतीच्या दिवशी एकदम 80 ग्रॅम ओतलं तर मळमळ ठरलेली.

घरचं पेय: 750 मिलिलिटर पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अर्धे-अर्धे असतात आणि आतडं ते दोन वेगळ्या वाटांनी शोषतं, म्हणून ती चांगलीच चालते. पाव चमचा, म्हणजे दीड ग्रॅम मिठातून 590 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. औषधाच्या दुकानातलं ओआरएस मात्र यासाठी पुरत नाही. ते जुलाबांसाठी बनवलेलं आहे, लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. मीठ भरपूर आणि इंधन नावालाच.

बाकी खिशात खजूर (साधे पाच म्हणजे 30 ग्रॅम), केळं (25 ग्रॅम), मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे. चिक्की पहिल्या दोन तासांतच. शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ घेतं, आणि कोरड्या तोंडाने चिक्की चावताना चढावर श्वास अडतो.

सकाळी साडेसहाला सुटणार असाल तर साडेतीनला खा, 75 किलोच्या माणसाने 150 ग्रॅम कर्बोदकं. हॉटेलात फक्त केटल असते हे धरून चला. 120 ग्रॅम जाड पोहे गरम पाण्यात भिजवून साखर-मीठ आणि वर दोन केळी, एवढ्यात काम होतं. आदल्या रात्री साधा भात, थोडं पातळ वरण, बटाटा. उसळ, राजमा, कोशिंबिरी त्या रात्री नको. आणि सामानात पेढे, पनीर, तुपातले लाडू ठेवू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. खजूर आणि पोहे चालतात.

प्रश्न : जुलैत तिकडे उन्हाळा असतो. तरी जाकीट लागतं? (डोंबिवली)

लागतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पासो पोर्दोई 2,239 मीटरवर आहे. सकाळी वर पोहोचता तेव्हा तापमान एक आकडी असू शकतं, तुम्ही घामाने भिजलेले, आणि पुढे तासाला 50-60 किलोमीटरने उतरायचं. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही, तिथे थंडी नुसती गैरसोयीची राहत नाही. बिनबाह्यांचं वारारोधक जाकीट, बाहीचे वॉर्मर आणि पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे, हे तिन्ही मिळून एका खिशात मावतात. माथ्यावर पोहोचण्याआधी नव्हे, पोहोचल्यावर चढवा. पाऊस असेल तर सरळ थांबून घाला, चालवता चालवता बाही चाकात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

उतरताना हात हँडलच्या खालच्या भागावर. तिथून ब्रेकला पूर्ण जोर लागतो. वळणाआधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक जोरात, वळणात सोडून द्या, नजर वळणाच्या शेवटावर. अख्खा उतार ब्रेक हलका धरून ठेवला तर रिम किंवा रोटर (डिस्कब्रेकची चकती) थंडच होत नाही. कार्बन रिमवर रिमब्रेक असतील तर ही सवय रिम खराब करते, आत लेटेक्स ट्यूब असेल तर ती फुटते. डिस्कब्रेकचे पॅड नवे असताना दोन मिलिमीटर जाड असतात. निघण्यापूर्वी एक मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला आणि नवे पॅड माथेरानच्या उतारावर वापरून रुळवून घ्या.

2,000 मीटरच्या वर हवा विरळ असते, पाच ते दहा टक्के ताकद कमी मिळेल. ती घरच्या आकड्यांनी ओढायला जाऊ नका.

प्रश्न : कागदपत्रं कोणती? (अंधेरी)

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात मुंबईतल्या भेटीच्या तारखा भरलेल्या असतात, म्हणून तीन महिने आधी धरा. प्रौढांचं शुल्क जून 2024पासून 90 युरो आहे. शर्यतीच्या नावनोंदणीची पावती अर्जाला जोडा, प्रवासाचं कारण स्पष्ट होतं. व्हिसासाठी 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो, पण त्यातल्या बऱ्याच पॉलिसी स्पर्धेतल्या दुखापतीला भरपाई देत नाहीत. पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा परिच्छेद वाचा, गरज पडली तर जास्तीचा हप्ता भरून साहसी खेळांचं कलम जोडा, आणि ते कलम सायकल शर्यतीलाही लागू आहे हे लेखी घ्या.

इटलीत वैद्यकीय दाखला मागतात, फ्रान्समधल्या शर्यतींचा नियम आयोजकांकडे तपासा. साध्या 'फिट' दाखल्याने भागत नाही, आयोजकांच्या संकेतस्थळावरचा नमुनाच छापून न्या. त्यात स्पर्धात्मक सायकलिंगचा उल्लेख, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. पन्नाशीच्या पुढच्यांनी या निमित्ताने स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, हा आमचा आग्रह. फेडरेशनचं लायसन्स नसेल तर बऱ्याच शर्यतींत एका दिवसाचा परवाना तिथेच पैसे भरून मिळतो.

प्रश्न : सायकल विमानातून न्यायची भीती वाटते. पॅकिंग आणि कस्टम्सबद्दल नीट सांगाल का? (बोरिवली)

विमान कंपन्यांची मर्यादा बहुधा 23 किलोंची असते. कडक पेटी स्वतःच दहा-बारा किलोंची, सायकल आठची, म्हणजे हेल्मेट-बुटांसाठी तीन ते पाच किलोच उरतात. मऊ पिशवी हलकी असते, पण तिच्यात आतला आधार तुम्हाला द्यावा लागतो. पिशवी असो वा पेटी, तिकिटानंतर लगेच सायकलची नोंद करा. विमानतळावर ऐनवेळी जागा नाही म्हणून सांगितलं जाऊ शकतं.

उघडण्यापूर्वी सीटपोस्ट आणि हँडलची जागा टेपने खुणवा. पॅडल काढा, डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, दोन्ही पॅडल पुढे फिरवण्याच्या उलट दिशेने सैल होतात. मागचा डिरेलर हँगरपासून (त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या पट्टीपासून) सोडवून फोममध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. प्रवासात सगळ्यात जास्त वाकतो तो हँगर. तुमच्याच फ्रेमचा जादा हँगर सोबत असू द्या, परदेशातल्या दुकानात तो असेलच असं नाही. रोटर काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर पेटीत लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसतच नाही. फोर्कच्या आणि मागच्या त्रिकोणाच्या टोकांमध्ये आधाराचे तुकडे लावा, बाजूने दाब आला तर तिथेच तडा जातो.

हवा थोडी कमी करा, पूर्ण नाही. ट्यूबलेसमधली सगळी हवा सोडली तर टायरची कड सुटते आणि सीलंट सगळीकडे सांडतं. इलेक्ट्रॉनिक गिअरची वायर काढा, पेटीत बटण दाबलेलं राहिलं तर बॅटरी संपते. सुटी केलेली बॅटरी हातातल्या सामानात, तोंडाला टोपी लावून. हवेच्या सीओटू नळ्या नेऊ नका, तिथे घ्या, छोटा पंप मात्र न्या. जोडताना टॉर्क रेंच (बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना) हवाच. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट साधारण पाच न्यूटन मीटर, कार्बनवर पकड वाढवणारी पेस्ट, आणि स्टेमवर छापलेला आकडा अंतिम. जोडल्याच्या दिवशी एक तास चालवून पाहा, म्हणून शर्यतीच्या किमान तीन दिवस आधी पोहोचा.

कस्टम्सचं काम लोक विसरतात. महागडी सायकल घेऊन निघताना विमानतळावरच्या कस्टम्स काउंटरवर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. परत येताना ती तिकडे विकत घेतलेली नाही हे त्यावरून सिद्ध होतं, नाहीतर शुल्काचा वाद होऊ शकतो. बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँकचा आस बसतो त्या भागाखाली) कोरलेला फ्रेम क्रमांक, त्याचा फोटो आणि खरेदीचं बिल जवळ ठेवा. अधिकारी सायकल बघायला मागू शकतात, त्यामुळे हे पेटी कंपनीकडे सोपवण्यापूर्वी करायचं आणि त्यासाठी तासभर आधी निघायचं.

प्रश्न : त्यापेक्षा तिथेच भाड्याने घेतली तर? (पवई)

एकाच शर्यतीसाठी जात असाल तर वाईट नाही. स्वतःचे पॅडल, बूट आणि शक्य असेल तर सॅडल न्या. घरच्या सायकलवर तीन मापं घ्या आणि मिलिमीटरमध्ये दुकानाला कळवा: बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सॅडलच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि सॅडल व हँडलच्या उंचीतला फरक. कॅसेटवर 34 दाती आहे का ते लेखी विचारा. आणि ब्रेक. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपातल्या भाड्याच्या सायकलींवर तो बहुधा डाव्या हाताला. ओल्या वळणावर सवयीने डावा हात आधी दाबलात तर पुढचं चाक घसरतं. वायरचे ब्रेक असतील तर दुकानदार थोड्या वेळात अदलाबदल करून देतो. हायड्रॉलिक असतील तर जास्त वेळ लागतो, म्हणून सायकल ठरवतानाच सांगून ठेवा.